आमदार-खासदाराच्या मतदानाची नोंद कुठून काढायची? (इम्तियाज जलील यांच्या कारकिर्दीचं टिपण)

टिपणवही:
एमआयएमचे औरंगाबादचे माजी खासदार इम्तियाज जलील यांच्यावर दोन पानी टिपण करायचं आहे. 2014 ला विधानसभा, 2019 ला लोकसभा, 2024 ला आधी लोकसभेत आणि मग विधानसभेत पराभव. हा भाग आकड्यांसकट हवा. सोबत सभागृहातल्या मतदानाचा तक्ता हवा: किती विधेयकांना पाठिंबा, कितींना विरोध, किती वेळा गैरहजर. पीआरएस या संसदेच्या कामाची माहिती देणाऱ्या संस्थेच्या पानावर हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग मिळतो, पण मत कुठे दिलं ते नाही. असा तक्ता तयार मिळतो का? नसेल तर कुठून जमवायचा?

फॉर्म_वीस:
निवडणुकीचा भाग सोपा आहे, फक्त नावात फसू नका. शहराचं नाव बदललं तरी मतदारसंघांची नावं आयोगाच्या कागदात औरंगाबादच आहेत. लोकसभा 19 औरंगाबाद. विधानसभा 107 औरंगाबाद मध्य (2014 चा विजय) आणि 109 औरंगाबाद पूर्व (2024 चा पराभव). संभाजीनगर टाकून शोधलंत तर निकाल रिकामा येईल. उमेदवाराचं नावही 'जलील', 'इम्तियाज', 'सय्यद' या तिन्ही शब्दांनी शोधा, कारण क्रम प्रत्येक कागदात वेगळा असतो.

आकडे असे. 2019 लोकसभा: जलील 3,89,042, चंद्रकांत खैरे 3,84,550, फरक 4,492. तिसरे हर्षवर्धन जाधव, 2,83,798. हा तिसरा आकडा न देता '4,492 नी विजय' एवढंच लिहिलंत तर वाचकाला काहीच कळणार नाही. सलग चार वेळचे खासदार खैरे पडले ते अशा तिरंगी लढतीत. 2024 लोकसभा: संदिपान भुमरे 4,76,130, जलील 3,41,480, खैरे 2,93,450. म्हणजे जलील यांची मतं 47,562 नी घटली, खैरेंची 91,100 नी. 'एमआयएमची मतं कोसळली' असं लिहिण्याआधी ही वजाबाकी करून बघा. शिवाय 2019 ला एमआयएम वंचित बहुजन आघाडीत होती, 2024 ला वंचितचा उमेदवार वेगळा होता. 2024 विधानसभा, पूर्व: अतुल सावे 93,274, जलील 91,113, फरक 2,161.

केंद्रनिहाय मतं हवी असतील तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा फॉर्म 20 घ्या. केंद्रांची बेरीज अंतिम आकड्याशी जुळत नाही म्हणून लोक घाबरतात. टपाली मतं शेवटी वेगळ्या ओळीत असतात, ती मिळवा. टक्केवारी काढताना भाजक ठरवून घ्या: एकूण मतदार, झालेलं मतदान की वैध मतं. नोटा झालेल्या मतदानात धरतात, वैध मतांत नाही. अनामत जप्तीचा एक षष्ठांशही वैध मतांवरच काढतात.

तिसरा_बाक:
मतदानाचा तयार तक्ता कुठेही नाही, आणि तुम्हाला हवा तसा तो बनतही नाही. कारण बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष 'होय' आणि 'नाही' ऐकतात, कौल जाहीर करतात, विषय संपतो. कोण काय म्हणालं याची नोंदच होत नाही. नोंद होते ती कुणी कौलाला हरकत घेऊन मतविभाजन (म्हणजे एकेका सदस्याच्या मताची मोजणी) मागितलं आणि ते झालं तर. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मोजणी टळत नाही.

मतविभाजनात साडेतीन मिनिटं घंटा वाजते, मग लॉबीचे दरवाजे बंद. प्रस्ताव पुन्हा मांडला जातो, टोला पडतो, आणि दुसरा टोला पडेपर्यंत सदस्याने दोन बटणं एकदम दाबून धरायची: एक मतदान सुरू करणारं, दुसरं आपल्या मताचं. हिरवं होकार, लाल नकार, पिवळं तटस्थ. एकच दाबलं किंवा हात लवकर उचलला तर मत लागत नाही. मग चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. म्हणून सभागृहात वाचला जाणारा आकडा 'दुरुस्तीच्या अधीन' असतो. बातमीत तो पहिला आकडा येतो; छापील कार्यवाहीत चिठ्ठ्या धरून यादी येते आणि अशा नावांना तळटीप असते. संदर्भ छापील यादीचाच द्या.

शोधायचं कसं: संसद डॉट इनवर लोकसभेची कार्यवाही, मग 17 वी लोकसभा, मग बैठकीची तारीख. मतविभाजनाच्या ठिकाणी होकार आणि नकाराच्या याद्या नावांसह असतात. तारीख बैठकीची असते, घड्याळाची नाही. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक मध्यरात्र उलटल्यावर 311 विरुद्ध 80 ने मंजूर झालं, पण ते 9 डिसेंबर 2019 च्या बैठकीत सापडेल. 10 तारीख उघडून 'यादीच नाही' म्हणणारे बरेच असतात.

जलील यांच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट नोंद 20 सप्टेंबर 2023 ची. महिला आरक्षणाचं घटनादुरुस्ती विधेयक, 454 विरुद्ध 2. ते दोन म्हणजे एमआयएमचे अध्यक्ष असदुद्दीन ओवैसी आणि जलील. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी स्वतंत्र वाटा नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. नुसतं 'महिला आरक्षणाला विरोध' लिहू नका. ओवैसींनी दुरुस्त्या सुचवल्या होत्या, त्यांचाही उल्लेख शेजारी हवा.

कागदमोड:
वरच्या प्रतिसादाला पुरवणी. महिला आरक्षणाच्या त्या दिवशी बटणं नव्हती. नव्या इमारतीत बैठक होती, मतदान चिठ्ठ्यांवर झालं. होकार हिरव्या छपाईत, नकार लाल, सदस्याने नाव लिहून सही करायची. त्यामुळे 'यंत्राने नोंदवलेलं मत' असं लिहू नका.

आणि 'किती वेळा गैरहजर' हा रकाना काढून टाका. तटस्थ म्हणजे सभागृहात बसून पिवळं मत देणं. त्याची नोंद होते. सभात्याग करून बाहेर गेलेला सदस्य कुठल्याच यादीत नसतो आणि त्या दिवशी आजारी असलेलाही नसतो. 25 जुलै 2019 ला तिहेरी तलाक विधेयक 303 विरुद्ध 82 ने मंजूर झालं. संयुक्त जनता दलाचा विरोध होता, पण त्यांनी सभात्याग केला. 82 मध्ये ते नाहीत. यादीत नाव नसलं तर रकान्यात 'नोंद नाही' एवढंच येतं.

टिपणवही:
समजलं. मग 2014 ते 2019 मधलं आमदार म्हणून मतदान?

तिसरा_बाक:
तिथे हाती आणखी कमी लागेल. 12 नोव्हेंबर 2014 चा फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. काँग्रेस आणि शिवसेनेने मतविभाजनावरून गोंधळ घातला, पण मोजणी झाली नाही. म्हणजे त्या सभागृहातल्या कुठल्याही आमदाराचं त्या ठरावावरचं मत कागदावर नाही. मराठा आरक्षणाचं विधेयक 29 नोव्हेंबर 2018 ला एकमताने. तिथेही नावं नाहीत.

याउलट 30 नोव्हेंबर 2019 ला ठाकरे सरकारच्या वेळी शिरगणती झाली: 169 विरुद्ध शून्य, चार तटस्थ, भाजपचा सभात्याग. 4 जुलै 2022 ला शिंदे सरकारला 164 विरुद्ध 99. एकेका सदस्याने उभं राहून नाव आणि क्रमांक सांगायचा, अशी ती पद्धत. पण तोवर जलील लोकसभेत गेले होते.

फॉर्म_वीस:
एक राहिलं. राज्यसभेची निवडणूक आमदार 2003 पासून खुल्या मतपत्रिकेने करतात, पण ती दाखवायची पक्षाच्या प्रतिनिधीला, जनतेला नाही. विधान परिषद आणि राष्ट्रपतिपदाला गुप्त मतदान. 'अमुक आमदाराचं मत फुटलं' ही या निवडणुकांतली बातमी बहुतेक अंदाजाची असते, ती तक्त्यात नको.

कागदमोड:
तक्त्यात 'पक्षादेश (व्हिप) होता का' असा रकाना ठेवा. पक्षादेश डावलून मत दिलं किंवा तटस्थ राहिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदी) सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे मोठ्या पक्षाच्या खासदाराचं मत म्हणजे बरंचसं पक्षाचंच मत. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 ने पडलं तेव्हा नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाच्या विरोधात गेले आणि त्यांची हकालपट्टी झाली. दोनच खासदारांच्या पक्षात, त्यातला एक पक्षाध्यक्ष असताना, दुसऱ्याचं वेगळं मत मतविभाजनाच्या यादीत शोधू नका. ते दिसलंच तर भाषणात दिसेल, आणि भाषणं त्याच बैठकीच्या कार्यवाहीत, यादीच्या आधीच्या पानांवर आहेत.