गुपित चवीचं, पाण्याचं नव्हे

कोल्ड्रिंकमध्ये काय असतं ते कंपनीचं गुपित, आपण कशाला विचारायचं, असं एकांनी लिहिलंय. नाही पटलं. गुपित चवीचं असतं, पाण्याचं कसलं गुपित? ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या पर्यावरण संस्थेने पेप्सी आणि कोकच्या १२ ब्रँडांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस ही कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतून आणलेल्या बाटल्यांत मात्र काही सापडलं नाही! एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोन्ही कंपन्या तेव्हा एकाच व्यासपीठावर येऊन आरोप फेटाळत होत्या. पुढे शरद पवारांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त संसदीय समितीने २००४ मध्ये सीएसईचे निष्कर्ष बरोबर ठरवले.

आता आमच्या सोलापूरचं. अशोक चौकाजवळ आमचं किराणा दुकान होतं. मे महिन्यात ऊन चाळिशीपार, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे थंड बाटलीला मरण नाही. एकदा एका सीलबंद बाटलीत बुडाशी काळपट गाळ दिसला. टेम्पोवाला म्हणाला, "अण्णा, द्या की बदलून घेतो, कशाला बोलताव?" बदलून दिली, पण बॅच नंबर लिहून घ्यायला तयार नाही. त्या बॅचच्या बाकीच्या बाटल्या कुठं गेल्या असतील? कुणीतरी प्यालंच असेल.

आणि भर उन्हात फुटपाथवर रचलेले ते क्रेट... त्याबद्दल कुणीच बोलत नाही. बाटलीवर स्वच्छ छापलेलं असतं, थंड जागी ठेवा, उन्हापासून दूर.