होमकमिंग वीकच्या आठवणी : तुमच्या घरी काय काय झालं?

रानजाई
काल गॅरेज आवरत होते. वरच्या फळीवरचा खोका काढला तर आतून छुमछुम आवाज. वाटलं गौरीच्या सामानातले घुंगरू असतील, उघडून बघते तर लेकीचा मम! दहावीतला, २०१७ चा. तिथेच खाली बसले आणि अर्धा तास उठलेच नाही.

जे टेक्ससमध्ये नाहीत त्यांच्यासाठी: मम म्हणजे क्रिसँथेमम, आपली शेवंती. पूर्वी होमकमिंगला, म्हणजे इथल्या शाळांच्या वार्षिक उत्सवाला, मुलींना खरं फूल द्यायचे, आता कापडाचं असतं आणि त्याच्याखाली गुडघ्यापर्यंत शाळेच्या रंगाच्या रिबिनी, घंटा, छोटे टेडी, एलइडीचे दिवे, नाव चिकटवलेलं. मुलगे तसंच छोटं दंडावर बांधतात, त्याला गार्टर म्हणतात. बारावीच्या मुलांचे पांढरे आणि चंदेरी. शुक्रवारी सगळी शाळा घालून येते, कॉरिडॉरभर नुसती किणकिण.

आम्ही डॅलसजवळ नवीन आलो होतो तेव्हा लेक नववीत. मला यातलं काही माहीत नाही, तिलाही नीट नाही. शुक्रवारी साध्या टीशर्टमध्ये गेली, घरी आली ती सरळ खोलीत. रात्री म्हणाली, आई, आज चालताना माझा एकटीचाच आवाज येत नव्हता. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या वर्षी सासूबाई आल्या होत्या साताऱ्याहून. दुकानात विचारलं तर तयार ममचे दोनशे-तीनशे डॉलर, मोठे त्याहून जास्त. सासूबाईंनी फोनवर फोटो बघितला आणि म्हणाल्या, अगं ही तर शेवंतीची वेणी, पुढे रुखवतातलं तोरण लावलंय, आण रिबिनी. चार रात्री आजी आणि नात गॅरेजमध्ये ग्लू गन घेऊन. रिबिनीच्या वेण्यांचे इथे प्रकार असतात, साध्या, चौकड्यांच्या, सापासारख्या, त्या आजींनी व्हिडिओ बघून अर्ध्या तासात उचलल्या, वर एक स्वतःची घातली. गळ्यात पट्टा घालून लेक निघाली तेव्हा आजी दारात उभ्या राहून आवाज लांब जाईपर्यंत ऐकत होत्या.

आजी आता नाहीत. तुमच्याकडचं लिहा ना, कुठल्याही गावचं.

चहाबाज
डोळ्यात पाणी आणलंत सकाळी सकाळी. आमच्याकडे न्यूजर्सीत मम वगैरे नाही पण स्पिरिट वीक जोरात. सोमवारी पायजमा डे, मंगळवारी जुळ्यांचा, मग कुठल्या तरी जुन्या दशकाचा, शुक्रवारी प्रत्येक इयत्तेचा एक रंग आणि जिममध्ये पेप रॅली, म्हणजे मॅचआधी टीमला जोश द्यायचा मेळावा. पहिल्या वर्षी मुलगा पायजम्यात खाली आला, मी रागावून कपडे बदलायला लावले, तो बिचारा काही न बोलता जीन्स घालून गेला. संध्याकाळी शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं. त्याला सॉरी म्हटलं त्या रात्री, आणि पुढच्या सोमवारी गरज नसताना दोघांनी पायजम्यात नाश्ता केला. ऑफिसची बस आली, नंतर लिहिते

ओसरी
बाळबोध प्रश्न, मी नाशिकची आहे, पण "होम" "कमिंग" म्हणजे नक्की कोण येतं घरी??

तिसरी_घंटा
@ओसरी माजी विद्यार्थी. माहेरपण समजा, फक्त शाळेचं. आधी कॉलेजांत सुरू झालं. बेलर विद्यापीठाने १९०९ मध्ये जुन्या मुलांना बोलावून मिरवणूक, शेकोटी, अमेरिकन फुटबॉल सगळं केलं होतं. इलिनॉय १९१० सांगतं. मिझुरीवाले १९११ सांगतात, कॅन्ससविरुद्धची मॅच पहिल्यांदा त्यांच्या आवारात होती तेव्हा तिथल्या क्रीडा संचालकांनी माजी विद्यार्थ्यांना "घरी या" म्हणून बोलावलं. ती मॅच ३-३ बरोबरीत सुटली. मी मिझुरीत शिकलो त्यामुळे आमचंच पहिलं 😄 हायस्कुलांनी नंतर उचललं.

ओसरी
माहेरपण! आता कळलं. आमच्या गॅदरिंगच्या आठवड्यात साडी डे, टाय डे आणि फिशपाँड असायचे ते आठवलं. पण माजी विद्यार्थ्यांना कोणी बोलवत नव्हतं, बोलवायला हवं होतं.

बँडबाबा
ओहायो. मुलगा मार्चिंग बँडमध्ये, सूसाफोन वाजवतो, ते अंगाभोवती गुंडाळलेलं भलंमोठं वाद्य. लोक म्हणतात होमकमिंग म्हणजे फुटबॉल आणि डान्स, माझ्यासाठी बँड. ऑगस्टच्या उन्हात डांबरावर आठ आठ तास बँड कँप, पायाखाली खुणा, एक पाऊल चुकलं की सगळी रांग परत पहिल्यापासून. मी पुण्यात पथकात ताशा वाजवायचो, गणपतीच्या आधी नदीकाठी सराव चालायचा तो डिट्टो असाच. म्हणून मी बँड पॅरेंट झालो, ट्रकमधून वाद्यं उतरवायची, टोपीवरचे तुरे वाटायचे, पाण्याच्या बाटल्या. होमकमिंगच्या मिरवणुकीत गावातल्या मुख्य रस्त्यावरून बँड जातो, फायर ट्रक पुढे, मागे मुलांनी सजवलेले फ्लोट म्हणजे चित्ररथ, कडेला म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली आणि त्यातले कितीतरी त्याच शाळेचे. मी बँडच्या बाजूने चालत असतो पाणी घेऊन. ड्रमलाइन वाजायला लागली की माझी बोटं बाटलीवर ताशा धरतात. मागच्या वर्षी मुलाने ते बघितलं आणि घरी आल्यावर म्हणाला बाबा शिकवा. ताशा मागवलाय कोल्हापूरहून, येतोय.

चहाबाज
@बँडबाबा ताशा आला की व्हिडिओ पाहिजे, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा

कडीपत्ता
आमच्याकडे (कॅलिफोर्निया, बे एरिया) डान्सच्या आधी ग्रुपचं जेवण माझ्या घरी होतं, चौदा मुलं. मुलगी म्हणाली पावभाजी कर. मी म्हटलं बाई सगळ्या पांढऱ्या, गुलाबी ड्रेसमध्ये येणार. नाही, पावभाजीच. मग सगळ्यांना माझे एप्रन, ओढण्या, टॉवेल गुंडाळले आणि एक डाग पडला नाही!! त्यातल्या एका मुलाने मनगटातलं फूल फ्रीजमध्ये ठेवायला दिलं, कोणासाठी तरी आणलं होतं, आणि घाईत विसरून गेला. मी गाडी काढून शाळेच्या दारापर्यंत नेऊन दिलं. त्याचा चेहरा उजळला तो बघायला हवा होता.

सांजवारा
पाव कुठले घेतले? हवाईयन रोल गोड लागतात मला

कडीपत्ता
पोटॅटो रोल. बटरवर भाजायचे चांगले.

दुपारचं_ऊन
नवरात्र आणि होमकमिंग एकाच शनिवारी येणं यावर कोणीच कसं लिहिलं नाही. आमच्या ह्यूस्टनच्या घरी हा प्रश्न दोनदा आला. नववीत लेकीला मी जबरदस्तीने गरब्याला नेलं, ती कोपऱ्यात बसून होती, ते मला आजही बोचतं. अकरावीत तिनेच तोडगा काढला, साडेनऊपर्यंत डान्स आणि मग गाडीत मागच्या सीटवर कपडे बदलून हॉलवर. सोबत दोन मैत्रिणी, एक मेक्सिकन आणि एक व्हिएतनामी, त्यांनाही माझे घागरे. आरतीला पोचल्या. नऊ दिवसांचे नऊ रंग ऐकून त्या म्हणाल्या, म्हणजे तुमचा पण स्पिरिट वीक!

रानजाई
@दुपारचं_ऊन बोचणं सोडा हो ताई, आपण सगळ्याजणी तेव्हा शिकतच होतो 🙏

अर्धी_वाट
नमस्कार, मी आई नाहीये, मी त्या मुलींपैकी आहे. टेक्ससमध्येच वाढले, २००९ ला पास झाले. माझं लिहिलेलं मराठी एवढं चांगलं नाही, सांभाळून घ्या. त्या वेळेला मुलगा मुलीला मम देणार आणि मुलगी त्याला गार्टर, अशी पद्धत. मला कोणी विचारलं नाही. बारावीत माझ्या बाबांनी मम बनवून आणला, कामावरून दुपारी सुट्टी घेऊन, घंटा जास्तच लावल्या होत्या त्यांनी, शाळेत सगळे वळून बघत होते. रात्री मॅचला ते आणि आई स्टँडमध्ये बसले, आईला थंडी, बाबांना नियम माहीत नाहीत, पण सगळे उठले की ते पण उठायचे. मागच्या होमकमिंगला मी परत गेले होते. बाबांना घेऊन गेले. त्यांना आता चालायला त्रास होतो, पण शेवटपर्यंत बसले. आणि आता त्यांना नियम येतात!

बँडबाबा
@अर्धी_वाट तुझं मराठी उत्तम आहे. बाबांना नमस्कार सांग.

चहाबाज
बसमधून परत. २०२० आठवतंय का कोणाला, मोठी बारावीत होती, मॅच नाही डान्स नाही काही नाही. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी ड्राइव्हवेवर दिव्यांच्या माळा लावल्या, मुलं मास्क लावून लांब लांब उभी राहून नाचली. दिवाळीचे आकाशकंदील तेव्हाच काढले महिनाभर आधी. तो ड्रेस एकदाच घातला तिने.

सांजवारा
आमच्या दारात एक मुलगा पोस्टर आणि डोनटचा डबा घेऊन आला होता, डान्सला येशील का विचारायला. दार यांनी उघडलं. डबा घेतला, थँक्यू म्हणाले आणि दार लावलं 🤣 लेक जिन्यावरून ओरडत आली. मग यांनी त्याला आत बोलावून चहा दिला, तासभर क्रिकेट समजावलं. अजून येतो तो, आता यांनाच भेटायला.

ओसरी
😂😂 डोनट मिळाले का त्याला

सांजवारा
दोन

तिसरी_घंटा
रानजाईताई, त्या ममचा फोटो टाका की.

रानजाई
टाकते रात्री. लेकीला सिएटलला फोटो पाठवला तर लगेच फोन, आई, मम फेकून देऊ नकोस, मी थँक्सगिव्हिंगला घेऊन जाते. मग म्हणाली बॅटरी बदलून बघ. बदलली. एका बाजूचे दिवे लागले, आजींनी घातलेली वेणी आहे ना, तिच्या बाजूचे. दुसऱ्या बाजूची वायर सुटलीये, ग्लू गन शोधतेय.