पाळीव बदकांवर विज्ञान प्रकल्प : प्रयोगाची आखणी कशी करावी?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, सिंधुदुर्ग)
नमस्कार. आमच्या शाळेतील आठवीच्या एका विद्यार्थिनीच्या घरी पाच बदके आहेत आणि तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांच्यावरच प्रकल्प करण्याची तिची मनापासून इच्छा आहे. दिवसभर पाण्यात राहूनही बदक कोरडे कसे राहते, हा तिचा प्रश्न आहे. त्यासाठी दोन बदकांना साबणाने न्हाऊ घालून उरलेल्या तिघांशी त्यांची तुलना करावी, असे तिने सुचवले आहे. प्रश्न मला फार आवडला, परंतु पद्धत पटत नाही. बदकांना त्रास न देता हा प्रयोग कसा करता येईल, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (पशुवैद्यक)
मॅडम, आपली शंका अगदी रास्त आहे. बदकांना साबण मुळीच लावू नये. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतील तेल बदक चोचीने पिसांना लावत असते. साबणाने ते धुऊन निघाले की पाणी पिसांतून कातडीपर्यंत पोहोचते, पक्षी गारठतो आणि त्याला नीट तरंगताही येत नाही. अंडी घालण्याचा हंगाम सरल्यावर बदकांची पिसे झडतात, ती खुराड्यात आयती मिळतात. तीच वापरावीत, आणि हाताळल्यानंतर हात साबणाने धुण्याची शिस्त मुलीला लावावी.

उत्तर (निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक)
झडलेली पिसे वापरण्यात आणखी एक फायदा आहे. दोन बदके विरुद्ध तीन बदके या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. चाळीस पिसांतून मात्र बरेच काही दिसू शकते. सर्व पिसे छातीपोटावरचीच घ्यावीत, कारण पंखातील पिसांची घडण वेगळी असते. मग चिठ्ठ्या टाकून त्यांचे दहा-दहाचे चार गट करावेत : जशीच्या तशी पिसे, उलटी बोटे फिरवून विसकटलेली पिसे, साबणाने धुऊन, वाळवून, बोटांनी पुन्हा सारखी केलेली पिसे, आणि तशीच धुतलेली, पण वाळवून विसकटलेलीच ठेवलेली पिसे. पिसाचे बारीक तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत हवा कोंडलेली असते. त्यामुळे पाणी रोखते ते तेल की ही रचना, हा खरा प्रश्न या चार गटांतून पुढे येतो. कॅसी आणि बॅक्स्टर या शास्त्रज्ञांनी १९४४ साली सच्छिद्र पृष्ठभागांवरील पाण्याचे जे गणित मांडले, ते बदकाच्या पिसालाही लागू पडते. मुलीने त्याचा उल्लेख अवश्य करावा.

मोजण्यासाठी वजनकाटा निरुपयोगी आहे, कारण एकेक पीस फारच हलके असते. पीस पुठ्ठ्यावर चिकटवावे, सुई काढलेल्या सिरिंजने त्यावर एक थेंब ठेवावा आणि पुठ्ठा हळूहळू तिरका करत नेऊन थेंब कितव्या अंशाला घरंगळतो, ते कोनमापकावर वाचावे. थेंब पिसात जिरला, तर तशी नोंद करावी. एका गोष्टीची मात्र विशेष काळजी घ्यावी : धुतलेली पिसे स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून घ्यावीत. साबणाचा अंश राहिला तर तोच पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, आणि मग तेल गेल्याचा परिणाम कोणता व साबणाचा कोणता, हे सांगता येणार नाही.

उत्तर (पक्षिनिरीक्षक)
जिवंत बदकांवरही काही करायचे असेल, तर नुसते निरीक्षण करावे. रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की ओळीत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदके मधल्यांपेक्षा अधिक वेळ एक डोळा उघडा ठेवतात, आणि तो बहुधा कळपाच्या बाहेरच्या बाजूचा असतो. पाच बदकांवरून नियम सांगता येणार नाही, तरी दुपारच्या विश्रांतीत दूर बसून ठरावीक अंतराने कोणाचा कोणता डोळा उघडा आहे, याचा तक्ता करणे आठवीच्या मुलीला सहज जमेल. बदकांना प्रदर्शनाच्या गर्दीत मात्र नेऊ नये. चित्रफीत पुरेशी आहे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिसांचाच प्रयोग निश्चित करत आहोत. सर, थेंब प्रत्येक वेळी सारख्याच आकाराचा कसा ठेवावा?

उत्तर (निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक)
एक मिलिलिटर पाण्याचे किती थेंब पडतात, ते आधी मोजून घ्यावे. सर्व चाळीस पिसांसाठी तीच सिरिंज वापरावी, थेंब तेवढ्याच उंचीवरून सोडावा, आणि पीस कोणत्या गटातले आहे हे कोन वाचणाऱ्या मुलीला आधी सांगू नये.