प्रतिसाद: नोकरी अंबडला, घर कुठे?
नाशिकमध्ये भाड्याने घर कुठे घ्यावं, या चर्चेत गंगापूर रोड राहायला छान असं म्हटलंय, ते मान्यच. पण नोकरी अंबड एमआयडीसीत असेल तर आधी पाथर्डी फाटा, इंदिरानगर बघा. रोजची ये-जा वाचते.

चर्चेत पंचवटी सुचवणाऱ्यांच्या बोलण्यातून २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा राहून गेला. पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, रामकुंड-तपोवनाकडचे रस्ते वाहनांना बंद होतात, गाडी लांब लावून चालत घर गाठायचं (भाविकांना पुण्य, भाडेकरूला तंगडतोड). अकरा महिन्यांचा भाडेकरार त्यात कुठे येतो ते बघून घ्या. आणि करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. एजंट ‘नोटरी पुरते’ म्हणाला तरी ऐकू नका.