शब्दचर्चा : ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, ‘टाइमआउट’, ‘रीसेट’ यांना मराठीत काय म्हणावं?

अनुवादक :
आमच्या क्लायंट ॲप्लिकेशनमधले एरर मेसेज मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं आहे. ॲप दुसऱ्या सर्व्हरवरच्या वेब सर्व्हिसला कॉल करतं आणि कॉल फसला की स्क्रीनवर कारण दाखवतं. मूळ यादीत साताठ वेगवेगळे मेसेज आहेत. आधीच्या मसुद्यात त्या सगळ्यांना एकच वाक्य लावलंय : ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.’ वाक्य वाचायला बरं आहे, पण साताठ गोष्टींना एकच वाक्य पुरेल असं वाटत नाही. काही ठिकाणी तर ‘क्लायंट’चं ‘ग्राहक’ आणि ‘रीसेट’चं ‘पुनर्स्थापित’ केलेलं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

बॅकएंड :
एकच वाक्य अजिबात ठेवू नका. कॉल कुठल्या टप्प्यावर अडला हे त्या मेसेजवरूनच कळतं, आणि दुरुस्ती कोणी करायची हेही त्यावरच ठरतं. आधी सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधला जातो, मग त्या पत्त्यावरच्या पोर्टशी (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दाराशी) टीसीपी, म्हणजे दोन मशीनमधली मूळ जोडणी होते, मग टीएलएसचं (संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या थराचं) प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरच्या ओळखीचा पुरावा, तपासलं जातं, त्यानंतर रिक्वेस्ट जाते आणि शेवटी उत्तर येतं. तुमचं वाक्य फार तर पहिल्या दोन टप्प्यांना चालेल. प्रमाणपत्र नाकारलं गेलं तेव्हा संपर्क झालेलाच असतो. ५०० (सर्व्हरमध्येच चूक) किंवा ४०३ (परवानगी नाही) असा उत्तराचा कोड आला तर सर्व्हर चक्क उत्तर देतोय. त्याला ‘संपर्क झाला नाही’ म्हणणं धडधडीत खोटं आहे, आणि ते वाचून वापरणारा उगाच आपलं वायफाय बंद-चालू करत बसतो.

खात्री करायची असेल तर तोच पत्ता टर्मिनलवर कर्लला (वेब पत्त्याला कॉल करणाऱ्या कमांडला) द्या. प्रत्येक अडथळ्याला त्याचा वेगळा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो क्रमांक) असतो : नाव सापडलं नाही तर ६, जोडणी झाली नाही तर ७, वेळ संपली तर २८, टीएलएसची बोलणी फसली तर ३५, प्रमाणपत्र पटलं नाही तर ६०, सर्व्हरने काही न बोलता जोडणी बंद केली तर ५२, आणि उत्तर घेताना जोडणी तुटली तर ५६. तुमच्या मराठी मेसेजनी निदान एवढा फरक तरी राखला पाहिजे.

अनुवादक :
हे फार कामाचं आहे. मग ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ला ‘जोडणी नाकारली’ लिहू का? शब्दाला शब्द जुळतो.

संपादक :
जुळतो, पण मराठी वाचणाऱ्याच्या मनात ‘नाकारली’ म्हटलं की परवानगीचा विचार येतो. अर्ज नाकारला, प्रवेश नाकारला, तसं. तो लगेच पासवर्ड तपासणार किंवा ‘मला अधिकार द्या’ अशी तक्रार पाठवणार. बॅकएंडवाल्यांनी सांगावं, इथे खरंच कोणी परवानगी नाकारतं का?

बॅकएंड :
बहुतेक वेळा नाही. जोडणी मागताना क्लायंट ‘सिन’ (जोडणी मागणारं) पॅकेट पाठवतो. समोरच्या मशीनच्या त्या पोर्टवर एकही प्रोग्रॅम ऐकत नसेल तर तिथली ऑपरेटिंग सिस्टिम ‘आरएसटी’ (जोडणी रद्द करणारं) पॅकेट परत पाठवते. तोच हा ‘नकार’. लिनक्सवर त्याचा क्रमांक १११, विंडोजवर १००६१. सर्व्हिसला या सगळ्याचा पत्ताही नसतो, कारण ती चालूच नसते, किंवा दुसऱ्या पोर्टवर चालू असते, किंवा फक्त १२७.०.०.१ वर (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) ऐकत असते आणि कॉल बाहेरून आलेला असतो. काही फायरवॉलही (येणारी-जाणारी पॅकेट गाळणाऱ्या यंत्रणाही) मुद्दाम असं आरएसटी पाठवतात, पण आधी सर्व्हिस आणि पोर्ट तपासायचा. म्हणजे संपादकांची शंका बरोबर आहे. ४०१ (ओळख पटली नाही) आणि ४०३ हे खरे परवानगीचे नकार. ते जोडणी होऊन, रिक्वेस्ट पोहोचून, सर्व्हिसने वाचून दिलेले असतात.

आणखी एक सांगतो. हा नकार मिळणं निदानासाठी चांगलं लक्षण आहे. नाव सापडलं, वाट मोकळी आहे, मशीन जागं आहे, एवढं बहुतेक वेळा एका झटक्यात कळतं. ‘टाइमआउट’मध्ये यातलं काहीच कळत नाही. दार वाजवल्यावर आतून ‘इथे ते राहत नाहीत’ असं कोणी सांगणं वेगळं आणि कितीही वाजवलं तरी आतून चाहूलही न लागणं वेगळं.

संपादक :
मग मेसेजमध्ये ‘नाकारली’ नकोच. ‘या पोर्टवर सर्व्हिस चालू दिसत नाही’ असं लिहावं. ‘दिसत नाही’मध्ये आवश्यक तेवढी सावधगिरीही येते. तांत्रिक मदतपुस्तिकेत मात्र ‘जोडणी नाकारली’ ठेवायला हरकत नाही, कारण तिथे वाचणाऱ्याला मूळ मेसेजशी जुळवून पाहायचं असतं. दोन वाचक वेगळे, म्हणून दोन वाक्यं.

आता ‘टाइमआउट’. याला ‘कालबाह्य’ लिहिलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे आणि दर वेळी ते खटकतं. कालबाह्य म्हणजे ज्याचा काळ सरला असं. कालबाह्य रूढी, कालबाह्य कायदा. ‘विनंती कालबाह्य झाली’ वाचलं की ती विनंती जुन्या जमान्यातली होती असं वाटतं. ‘मुदत संपली’ त्यापेक्षा बरं, पण प्रमाणपत्राचीही मुदतच संपते. एकाच ॲपमध्ये दोन्ही मेसेज असतील तर गोंधळ ठरलेला.

अनुवादक :
दोन्ही आहेत.

संपादक :
मग ‘मुदत’ हा शब्द प्रमाणपत्रासाठी राखून ठेवा. टाइमआउटला ‘वाट पाहण्याची वेळ संपली’ किंवा नुसतं ‘वेळेत उत्तर आलं नाही’.

बॅकएंड :
इथे जरा थांबा. टाइमआउट दोन प्रकारचे असतात आणि दोघांना एक वाक्य लावलं तर पुढे नुकसान होतं.

पहिला, जोडणीच झाली नाही तो. सिन पाठवलं, समोरून काहीच आलं नाही. पॅकेट फायरवॉलने गुपचूप टाकून दिलं असेल, पत्ता चुकीचा असेल, मशीन बंद असेल. लिनक्सवर वर्षानुवर्षे मूळ सेटिंग असं होतं की सिन आणखी ६ वेळा पाठवायचं आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करायचा, म्हणजे हार मानेपर्यंत १२७ सेकंद. एवढा वेळ स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं तर वापरणारा ॲप बंद करतो. म्हणून क्लायंटने आपली मर्यादा स्वतः ठरवायची असते. लायब्ररीवर (ॲपने वापरलेल्या तयार कोडवर) सोडून चालत नाही : डॉटनेटचा एचटीटीपीक्लायंट १०० सेकंद थांबतो, पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीला तुम्ही मर्यादा दिली नाही तर ती स्वतःहून घालत नाही.

दुसरा, जोडणी झाली, रिक्वेस्ट गेली, पण उत्तर वेळेत आलं नाही. इथे ‘संपर्क झाला नाही’ असं सांगणं धोक्याचं आहे. समोर काम झालं असेल किंवा अजून चालू असेल, आपल्याला माहीत नाही इतकंच. ऑर्डर नोंदवण्याचा किंवा पैसे पाठवण्याचा कॉल असेल आणि मेसेजने ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटलं, तर तीच ऑर्डर दोनदा पडते.

माझा आग्रह आहे की पहिल्याला ‘सर्व्हरशी जोडणी झाली नाही, वेळ संपली’ आणि दुसऱ्याला ‘विनंती पाठवली, पण वेळेत उत्तर आलं नाही’ असं म्हणावं.

मोबाइल :
दुसऱ्या वाक्याला माझं जोरदार अनुमोदन. आमच्याकडे त्यानंतर ‘पुन्हा पाठवा’ बटणाच्या आधी ‘स्थिती तपासा’ असं बटण ठेवतो.

माझा एक शब्द राहिलाय, ‘लोकलहोस्ट’. एका भाषांतरात ‘स्थानिक यजमान’ वाचलं आणि काहीच बोध झाला नाही. नव्या लोकांचा निम्मा वेळ याच शब्दापायी जातो. लोकलहोस्ट हे ‘इथे’सारखं आहे, बोलणारा बदलला की अर्थ बदलतो. लॅपटॉपवर म्हटलं तर लॅपटॉप. डॉकरच्या कंटेनरमध्ये (लॅपटॉपवरच्याच वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) म्हटलं तर तो कंटेनर, ज्या लॅपटॉपवर कंटेनर चालतोय तो नव्हे. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर चालणाऱ्या आभासी फोनमध्ये) म्हटलं तर तो एम्युलेटरच, आणि लॅपटॉपवरच्या सर्व्हिसपर्यंत पोहोचायचं तर १०.०.२.२ हा पत्ता द्यावा लागतो. ब्राउझरमध्ये सर्व्हिस व्यवस्थित उघडते, ॲपमध्ये मात्र ‘रिफ्यूज्ड’ येतं, तेव्हा आधी हेच तपासावं.

बॅकएंड :
त्याला आणखी एक वळण आहे. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) १७व्या आवृत्तीपासून (२०२१) लोकलहोस्टचे पत्ते सिस्टिम ज्या क्रमाने देते त्याच क्रमाने घेतले जातात. आधी आयपीव्ही४ (१२७.०.०.१सारखे जुन्या पद्धतीचे पत्ते) पुढे आणलं जायचं. त्यामुळे बऱ्याच मशीनवर लोकलहोस्टचा अर्थ अचानक आयपीव्ही६चा पत्ता झाला, सर्व्हिस ऐकत होती १२७.०.०.१ वर, आणि काल चालणारा कोड आज ‘रिफ्यूज्ड’ म्हणू लागला. मेसेजमध्ये नावाबरोबर प्रत्यक्ष वापरलेला पत्ता आणि पोर्ट छापला तर हे एका नजरेत दिसतं. अनुवादकांनी तेवढी जागा वाक्यात जरूर सोडावी.

संपादक :
मग ‘लोकलहोस्ट’ तसाच ठेवा आणि समजावताना ‘हेच मशीन’ म्हणा. ‘क्लायंट’ही तसाच ठेवा. ‘ग्राहक’ म्हटलं की विकत घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘पोर्ट’, ‘सर्व्हर’, ‘प्रॉक्सी’ यांनाही हात लावू नका.

‘रीसेट’वर मात्र बोललंच पाहिजे. ‘जोडणी पुनर्स्थापित झाली’ हे चुकीचं भाषांतर तर आहेच, शिवाय अर्थ नेमका उलटा आहे. वाचणाऱ्याला वाटेल, तुटलेली जोडणी पुन्हा लागली. हे आजच काढून टाका.

बॅकएंड :
अगदी. रीसेट म्हणजे चालू जोडणी समोरून तडकाफडकी तोडली. पॅकेट तेच, आरएसटी, पण ते जोडणी झाल्यावर येतं. लिनक्सवर १०४, विंडोजवर १००५४. सर्व्हरचा प्रोसेस कोसळला असेल, मधल्या फायरवॉलने किंवा लोड बॅलन्सरने (कॉल अनेक सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेने) बराच वेळ शांत असलेली जोडणी काढून टाकली असेल.

सगळ्यात जास्त छळतो तो प्रकार असा : क्लायंट जुनी जोडणी जपून ठेवतो, पुढच्या कॉलला तीच वापरतो, आणि नेमकी त्याच क्षणी सर्व्हर ती बंद करत असतो. दहा हजारांत एखादाच कॉल फसतो, हाताने करून पाहिलं तर कधीच फसत नाही. उपाय म्हणजे जपलेली जोडणी क्लायंटने सर्व्हरच्या आधी सोडून द्यायची. नोडच्या अनेक आवृत्त्यांत सर्व्हर रिकामी जोडणी मूळ सेटिंगनुसार ५ सेकंदांत बंद करतो, आणि ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद धरून ठेवतो. हे दोघं न बदलता एकापुढे एक ठेवले की अधूनमधून ५०२ (मधल्या यंत्रणेला सर्व्हरकडून नीट उत्तर नाही) येणारच.

अनुवादक :
मग ‘जोडणी मध्येच तुटली’?

संपादक :
उत्तम. ‘तुटली’ म्हणा, ‘तोडली’ नको. कोणी तोडली हे ॲपला माहीत नसतं.

अनुवादक :
प्रमाणपत्राचे तीन मेसेज आहेत : मुदत संपली, नाव जुळत नाही, आणि तिसरा ‘अनट्रस्टेड’. त्याला ‘अविश्वासू प्रमाणपत्र’ लिहिलेलं आहे.

संपादक :
अविश्वासू माणूस असतो. ‘प्रमाणपत्राची खातरजमा झाली नाही’ लिहा.

बॅकएंड :
खातरजमा हा शब्द इथे नेमका बसतो, कारण प्रमाणपत्र खोटं असतंच असं नाही. पुष्कळदा सर्व्हरचं प्रमाणपत्र विश्वासाच्या मूळ प्रमाणपत्राशी जोडणाऱ्या साखळीतलं मधलं प्रमाणपत्र सर्व्हरने पाठवलेलं नसतं. अनेक ब्राउझर ते स्वतः मिळवून घेतात, जावा किंवा कर्ल सहसा घेत नाहीत, म्हणून ‘ब्राउझरमध्ये चालतं, ॲपमध्ये नाही’. किंवा क्लायंटकडची मूळ प्रमाणपत्रांची यादी जुनी असते. ३० सप्टेंबर २०२१ला लेट्स एन्क्रिप्टच्या (मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या) साखळीतलं जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा कितीतरी जुनी उपकरणं आणि लायब्रऱ्या अशाच अडकल्या. सर्व्हर ठीक होते, अपडेट क्लायंटला हवा होता. आणि ‘मुदत संपली’ दिसलं तर त्या उपकरणाचं घड्याळही तपासा. तारीख चुकीची असेल तर धडधाकट प्रमाणपत्रही संपलेलं दिसतं.

मेसेजमध्ये ‘तरीही पुढे जा’ असा पर्याय कृपा करून देऊ नका. आणि कोडमध्ये प्रमाणपत्राची तपासणी बंद करून ‘एरर गेला’ म्हणणाऱ्यांना कळकळीने सांगतो, एरर गेला नाही, समोर कोण आहे हे बघणं तुम्ही सोडून दिलंत.

मोबाइल :
वेब ॲपसाठी एक भर. ब्राउझरमध्ये ‘फेल्ड टू फेच’ एवढंच येतं, त्याचं ‘इंटरनेट नाही’ करू नका. बऱ्याचदा तो कॉर्सचा अडथळा असतो : सर्व्हरने उत्तर दिलेलं असतं, पण दुसऱ्या ओरिजिनच्या (दुसऱ्या वेब पत्त्यावरून आलेल्या) पानाला ते वाचू द्यायची परवानगी हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या माहितीत) नसते, म्हणून ब्राउझर ते कोडच्या हाती देत नाही. खरं कारण डेव्हलपर कन्सोलमध्ये दिसतं, कोडला कळत नाही. म्हणून तिथे ‘उत्तर मिळालं नाही’ यापलीकडे काही ठामपणे लिहू नये.

अनुवादक :
सगळ्यांचे आभार. आज एवढं पक्कं करते :
‘सर्व्हरचं नाव सापडलं नाही.’
‘या पोर्टवर सर्व्हिस चालू दिसत नाही.’
‘सर्व्हरशी जोडणी झाली नाही, वेळ संपली.’
‘विनंती पाठवली, पण वेळेत उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवण्याआधी स्थिती तपासा.’
‘जोडणी मध्येच तुटली.’
‘प्रमाणपत्राची खातरजमा झाली नाही.’
मुदत आणि नाव यांची दोन वाक्यं वेगळी ठेवते. प्रत्येकाखाली पत्ता, पोर्ट आणि मूळ कोड येईल.

बॅकएंड :
‘जोडणी मध्येच तुटली’खालीही ‘स्थिती तपासा’ घाला. रिक्वेस्ट पोहोचल्यावर तुटली असेल तर तिथेही काम झालेलं असू शकतं.

अनुवादक :
घातलं.