रताळं आपलं की अमेरिकेचं? घरात भांडण लागलंय

तांबडी_माती (बेळगाव तालुका):
नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला. आज्ज्यापासून पावसाळ्यात रताळ्याचे वेल लावतोय. परवा पोरीचा पेपर हातात आला. प्रश्न होता, अमेरिकेतून भारतात आलेली दोन पिके लिहा. तिनं लिहिलं, मिरची आणि रताळे. मिरचीला बरोबरची खूण. रताळ्यावर लाल काट, शेजारी बारीक अक्षरात "हे भारतीय". पोरगी रडायली आणि माझ्यावर चिडायली, कारण तिला सांगणारा मीच. वर आमची आई म्हणते, बाईंचंच खरं, बाहेरचं असतं तर एकादशीला चाललं असतं काय?

कुणी नीट सांगेल काय? शाळेत जाऊन बोलायचंय. तिथं "मार्केट यार्डात ऐकलं" म्हणून भागायचं नाही.

निवृत्त_मास्तर:
पोरगी बरोबर आहे, माझी शाबासकी सांगा तिला. १४९२ साली कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथले ताइनो लोक हा कंद लावत होते आणि त्याला म्हणत होते 'बटाटा'. होय, बटाटा हे नाव आधी रताळ्याचं! आपण वड्यात घालतो तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, तिकडं त्याला 'पापा' म्हणतात. दोन्ही कंद युरोपात पोचल्यावर नावांचा घोळ झाला आणि पोर्तुगीजांकडून तो शब्द आपल्याकडं आला तो भलत्याच कंदाला चिकटून.

ताइनोंचं पुढं काय झालं तेही तिला सांगा, पुस्तकात एका ओळीत उरकतात. १४९२ च्या नाताळात कोलंबसचं सांता मारिया जहाज हिस्पॅनिओला बेटापाशी रुतलं. त्याच्याच लाकडाची गढी बांधून ३९ माणसं मागं ठेवली आणि तो परत गेला. पुढच्या वर्षी १७ जहाजं भरून आला तर गढी जळून गेलेली, एकही माणूस जिवंत नाही. तरी वसाहत केलीच. मग फर्मान निघालं, चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधतात त्या घुंगराएवढं सोनं आणून द्यायचं. नदीच्या वाळूत सोनं असणार किती? सक्तीची मजुरी, उपासमार, त्यात १५१८ ला देवीची साथ. पन्नास-साठ वर्षांत ते लोक जवळजवळ संपले.

निपाणी_वखार:
आमची तंबाखू पण तिकडचीच की वो! क्यूबात लोक पानांची सुरळी पेटवून धूर ओढायलेत हे कोलंबसच्या माणसांनीच बघितलं. वखारीत हे सांगितलं की मंडळी म्हणतात, सोड की रे, तंबाखू म्हणजे निपाणीच. संकेश्वरी मिरची घ्या नाहीतर खानापूरकडचे काजू, सगळ्यांची आजी एकच.

खानापूरची_सून:
मास्तर, एक शंका. रताळं हा शब्द काही पोर्तुगीज वाटत नाही. संस्कृतात रक्तालू आहे ना? बाईंनी तेच डोक्यात ठेवून काट मारली असेल.

निवृत्त_मास्तर:
बरोबर धरलंत ताई. रक्तालू म्हणजे तांबडा कंद. ते नाव जुनं, कोनफळासारख्या आपल्या कंदांचं. नवा कंद आला, रंग तांबडा, त्यालाच तेच नाव दिलं. मिरचीचंही तसंच झालं, तिखट लागली म्हणून मिरीवरून नाव. नाव देशी म्हणून पीक देशी ठरत नाही.

आणि आपल्या भागाला गोवा कुठं लांब? पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं ते विजापूरच्या आदिलशहाकडून, आणि बेळगावही आदिलशहाचंच. किल्ल्यात साफा मशीद बांधणारा आदिलशहाचा सरदार असदखान इथंच बसून गोव्याच्या पोर्तुगीजांशी राजकारण करत होता. घाटातून बैल चढायचे-उतरायचे.

कॅम्पातला:
सगळं श्रेय गोऱ्यांच्या जहाजांना देऊ नका. १७६९ ला कॅप्टन कूक न्यूझीलंडला पोचला तेव्हा तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या शेतात रताळी होतीच. कोलंबसच्या कितीतरी आधी पॉलिनेशियाच्या दर्यावर्दींनी ती पॅसिफिकभर नेलेली. ते म्हणतात 'कुमारा', आणि अँडीजकडच्या केचुआ भाषेतलं नावही 'कुमार'च्या जवळ जाणारं. आपल्याकडं मात्र पोर्तुगीजांमुळंच आलं.

तांबडी_माती:
मंडळी, उपकार झाले. सकाळी शाळेत जाऊन आलो. मास्तरांचं सगळं वहीत उतरवून नेलं होतं. बाई चांगल्या आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. रक्तालू ऐकल्यावर म्हणाल्या, अहो माझंही त्यामुळंच चुकलं. मग लाल पेनानंच अर्धा मार्क वाढवून दिला. अर्धाच का, ते विचारायचं धाडस झालं नाही. दोनात एक होता, आता दीड झाला. पोरगी खूश.

घरी येऊन आईला घुंगराची गोष्ट सांगितली. ती रताळ्याचे काप करायली होती. विळी थांबवून म्हणाली, मग त्या लोकांची पोरंबाळं? मला काय बोलावं सुचलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा चिरायला लागली.

साबुदाणाही ब्राझीलकडच्या कंदाचा, हे अजून तिला सांगितलेलं नाही. उद्या एकादशी आहे, खिचडी तरी मिळू दे.