मदत हवी आहे: अभिरूप हवामान परिषदेची वक्तृत्व स्पर्धा होऊ नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी,

पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘जागतिक पर्यावरणीय राजकारण’ शिकवतोय. स्टॉकहोम १९७२, रिओ १९९२, क्योटो १९९७, पॅरिस २०१५ ही पर्यावरण परिषदांची माळ मुलं घडाघडा म्हणतात. गाडी अडते ती त्यापुढे.

मागच्या आठवड्यात वर्गात अभिरूप परिषद घेतली. अमेरिका, युरोपियन युनियन, भारत, चीन, सौदी अरेबिया, छोटी बेटं असे गट पाडले. वीस मिनिटांत एकमत! सौदीच्या गटाने तेल बंद करायला आनंदाने हात वर केले. तुवालू या बेटदेशाची प्रतिनिधी वसुंधरेवर भाषण ठोकून बसली, टाळ्याही पडल्या. मी कपाळाला हात लावला.

खरं भांडण एकेका शब्दावरून होतं, हे त्यांच्या अंगात भिनायला हवंय. पॅरिसला शेवटच्या दिवशी मसुद्यात विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीच्या कलमात ‘शुड’ (करावं) ऐवजी ‘शॅल’ (केलंच पाहिजे) आलं आणि अमेरिका अडून बसली. शब्द बंधनकारक झाला की करार मंजुरीसाठी सिनेटपुढे, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहापुढे, न्यावा लागेल ही धास्ती. अखेर तांत्रिक चूक म्हणून तो दुरुस्त झाला. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेतही कोळशाचं ‘फेज आउट’ (टप्प्याटप्प्याने बंद) ऐनवेळी ‘फेज डाउन’ (टप्प्याटप्प्याने कमी) झालं. हे किस्से सांगितले की मागच्या बाकावरचेही मान वर करतात. पण ऐकणं वेगळं आणि स्वतः अडून बसणं वेगळं.

आता डोक्यात असं आहे: पाठ्यांश एकच परिच्छेद, वादाचे शब्द खऱ्या मसुद्यात असतात तसे चौकोनी कंसात. प्रत्येक गटाला बंद पाकिटात ‘इथपर्यंतच माघार’ अशी सूचना. निर्णय सर्वसहमतीनेच, मतदान नाही. कुणी असं केलंय का? पन्नास मिनिटांच्या तासात बसतं? आणि गुण कशावर द्यायचे? करार झाला यावर दिले तर पुन्हा सगळे गळ्यात गळे घालणार.

जाता जाता अजून एक. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांवरचा मॉन्ट्रियल करार (१९८७) आधी शिकवला की मुलं विचारतात, मग हवामानाचं घोडं कुठे पेंड खातंय? तिथे रसायनं मोजकी, बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत आणि नंतर निधीही. इथे अख्खी अर्थव्यवस्था कोळसा-तेलावर. हे सगळं सांगूनही ‘इच्छाशक्ती नाही’ हेच उत्तरपत्रिकेत उतरतं. तुम्ही ओझोन क्योटोच्या आधी घेता की नंतर?

पुढची फेरी दोन आठवड्यांनी आहे. फसलेले प्रयोगही सांगा, ते जास्त उपयोगी पडतील.